शेरा रिकामा

सभागृहाच्या भिंतीवर नगराध्यक्षांचा लांबलचक फलक होता. नाव, कधीपासून, कधीपर्यंत आणि शेवटी शेरा. पेंटरकाका तीस वर्षं तो लिहीत आले होते. सगळ्यांना सारखंच अक्षर, असं ते शपथेवर सांगत. पण नाव कुणाचं दिमाखदार उतरलंय आणि कुणाचं उरकलंय, यावरून काकांचं मत कुणाला पडलं ते अख्खं गाव ओळखायचं.

त्या दिवशी काका शिडीवर चढले ते 'कधीपर्यंत' लिहायला. अध्यक्षांनी सकाळी अकराला राजीनामा दिला होता. बाराला त्यांच्यावरच्या आरोपाची सुनावणी होती. वेळ साधण्यात गडी पहिल्यापासून पटाईत.

आरोप चार वर्षांपूर्वीचा. टाकीचं पाणी पिण्याजोगं नाही, असं पाणी तपासणाऱ्या एका मुलीने लिहून दिलं. अध्यक्षांनी तो कागद दाबला आणि भर सभेत तिलाच खोटारडी ठरवून घरी बसवलं. ती मुलगी काकांची. "जिथे मला खोटारडी म्हटलं तिथेच ते खोडलं जाऊ दे, बाबा. तोवर मी या गावात पाऊल टाकणार नाही," म्हणून जी गेली ती गेलीच. तेव्हापासून काका दोन कप चहा टाकतात आणि दुसराही स्वतःच पितात. वर, चहा फार होतो म्हणून डॉक्टरांची बोलणी खातात.

खाली सभेत वाद पेटला होता: आता सुनावणी घ्यायची की नाही?

"खुर्चीतून काढायला माणूस खुर्चीत नको?" वकील सदस्य म्हणाले. "साप गेला, आता भुई कशाला धोपटायची?"

"साप बिळात गेलाय, वकीलसाहेब, काशीला नाही," शिवणकाम करणाऱ्या सदस्य बाई कडाडल्या. "दोषी ठरला तर पुन्हा उभं राहता येत नाही, म्हणून तर पळाला!"

वकिलांनी मान वर केली. "काय काका, लिहिताय की शिडीवर डुलकी लागली?"

ब्रश हातात तसाच धरून काका म्हणाले, "तुमच्या पाटीचा रंग तीन महिन्यांत उडाला, तेव्हा मला जेवणावरून उठवून आणलंत. काम संपवून शिडी घेऊन गेलो, आता माझा संबंध नाही, असं म्हणालो का मी?"

सभागृह खो खो हसलं. वकीलही हसले, पण मत विरोधातच दिलं. शेवटी वकीलच ते! एका मताने ठराव झाला: माणूस गेला तरी सुनावणी होणार, पुढच्या महिन्यात.

काकांनी तारीख लिहिली. शेऱ्याची जागा कोरी ठेवली. "'राजीनामा' लिहून टाका की," कारकून म्हणाला. "आधीचा रंग वाळू दे," असं म्हणून काका शिडी उतरले आणि जिन्यातूनच मुलीला फोन लावला.

"निकाल लागला, बाबा?"

"निकाल नाही गं. सुनावणी होणार एवढं ठरलं. साक्षीला तुलाच बोलावतील."



"माझ्या खोलीत तुम्ही रंगाचे डबे रचले असतील ना?"

जेवणाच्या टेबलाखाली, पलंगाखाली, मोरीतसुद्धा डबे ठेवणाऱ्या काकांनी घसा खाकरला.

"एकही नाही."

"खरं?"

"ये आणि बघ."

"तारीख कळवा," ती म्हणाली. लगेच फोन मात्र ठेवला नाही. काकांनीही ठेवला नाही.