पेन्सिलीने लिहिलेली वजनं

"पोरांचं वजन पेन्सिलीनं लिहायचं. अन् काहून, ते विचारायचं नाही."

अंगणवाडी सेविका म्हणून रुजू झाले त्या दिवशी कुसुमताईंनी मला दिलेला हा पहिला नियम. कुसुमताई शेजारच्या गावच्या सेविका. त्यांची नोकरी अठ्ठावीस वर्षांची, म्हणजे माझ्या वयापेक्षा चार वर्षांनी जास्त! त्यांच्यापुढे आमच्या भागातली एकही सेविका तोंड उघडत नाही.

तुम्हाला सांगते, झरी जामणीच्या आमच्या कोपऱ्यात आहाराची पाकिटं उशिरा येतात, निधी त्याहून उशिरा येतो. किस्से मात्र दर महिन्याच्या मीटिंगला अगदी वेळेवर! आधी मी नुसती हसायचे. मग प्रत्येक किश्श्यात कुणीतरी काहीतरी झाकतंय असा वास यायला लागला. आता माझ्या मैत्रिणी म्हणतात, "तू तर चहातली साखरही काट्यावर ठेवून पाहशील." पाहीन! काय बिघडलं?

*

आमच्या गावाला लागून कोलाम आदिवासींचं पोड आहे, वीस-पंचवीस घरांची वस्ती. तिथल्या सुनीताची मुलगी पायल, वय चौदा महिने. पहिल्याच महिन्यात तिचं वजन केलं, साडेसहा किलो. दंडाला मोजपट्टी गुंडाळली तर खूण लाल रंगावर. लाल म्हणजे मूल अतिकुपोषित. त्याचं नाव यादीत गेलं की डॉक्टर तपासतात, खास आहार सुरू होतो.

मी नियमाप्रमाणे पेन्सिलीने साडेसहा लिहिलं.

मीटिंगमध्ये सुपरवायझर मॅडम रजिस्टर चाळता चाळता त्या पानावर थांबल्या. नजर कुसुमताईंकडे गेली. कुसुमताईंनी पर्समधून खोडरबर काढलं आणि साडेसहाचे साडेसात झाले!

"ताई, एका मिनिटात एक किलो?"

"पोरगी वाढत्या वयाची हाये व माय!"

सगळ्या हसल्या. खरं सांगते, मीही हसले. पायलचं नाव यादीत गेलंच नाही.

*

नंतर आम्हाला वजन कसं करायचं याचंच प्रशिक्षण मिळालं. यवतमाळहून एक सर आले. लहान मूल आणायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं, म्हणून सरांनी पिशवीतून प्लास्टिकची बाहुली काढली. ती काट्यावर निजवली. तिची उंची मोजली, दंड मोजला. बाहुली रडली नाही, हलली नाही, हिरव्या रंगात बसली. टाळ्या! फोटो!

मी हात वर केला. "सर, खरं मूल हातपाय झाडतं, काटा थांबतच नाही. तेव्हा काय करायचं?"

"ते आपण पुढच्या प्रशिक्षणात घेऊ."

कुसुमताईंनी मला कोपरानं ढोसलं. "समोसे थंडे होऊन राह्यले ना! कायले विचारतं?"

पुढच्या प्रशिक्षणाला बाहुलीसुद्धा नव्हती. प्रोजेक्टर होता. लाइट नव्हती.

*

मला वाटलं, अनुभवी बाईचं काम एकदा डोळ्यांनी पाहावं. वजनाच्या दिवशी मी कुसुमताईंच्या अंगणवाडीत गेले. मे महिना, पत्रे तापलेले, आणि काट्यावर बसलेल्या पोराच्या अंगात लोकरीचं स्वेटर! पायात चांदीचे वाळे. हातात बिस्किटाचा अख्खा पुडा.

"ताई, निदान पुडा तरी काढा!"

"कायले? घडीभरानं खाऊनच टाकंन ना तो. पोटातलं धरतं, तं हातातलं काहून नाही धरायचं?"

 

*

खेळण्यांसाठी निधी मंजूर झाला म्हणून कळलं. आठ दिवसांनी पेटी आली. चौकोनी ठोकळे, रंगीत मणी, पिवळा हत्ती. पोरं नुसती तुटून पडली. मॅडमनी फोटो काढला आणि म्हणाल्या, "आता पेटी बंद करा, जीप थांबली आहे."

हत्ती जीपमध्ये बसून पुढच्या गावाला गेला. आमची पोरं रस्त्यापर्यंत रडत धावली.

संध्याकाळी मोबाइलच्या ग्रुपवर आठ अंगणवाड्यांचे आठ फोटो पडले. मी एकेक मोठा करून पाहिला. आठही हत्तींचा डावा कान तुटलेला!

मी कुसुमताईंना फोन केला.

"फोटोत कान पाह्यते कोण?" त्या म्हणाल्या.

*

आता शेवटचा किस्सा.

कापूस फुटला तेव्हाची गोष्ट. मी पायलला परत काट्यावर ठेवलं. सहा किलो. वय वाढलं, वजन घटलं. सुनीता माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "ताई, मांगच्या बारीले तं पोर बरी हाये म्हणे ना?"

त्या रात्री मला झोप नव्हती. सकाळी मी रजिस्टर उघडलं आणि सहाचा आकडा निळ्या पेनाने लिहिला.

मीटिंगमध्ये मॅडमनी पान पाहिलं. "उद्या जिल्ह्यावरून साहेब येताहेत. आपल्याकडे एकही लाल नको. हे पेनानं कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणीच नाही."

खोडरबराचा उपयोग नव्हता. पण कुसुमताईंकडे अठ्ठावीस वर्षांचा अनुभव होता. "सोपं हाये मॅडम. बाजूले 'स्थलांतरित' लिहून टाकू. माय लेकराले घेऊन कापूस वेचायले तेलंगणात गेली. पोर गावातच नाही, तं यादीत कुठून येईन?"

मॅडमनी पेन माझ्यापुढे सरकवलं. "लिही."

मी उठले आणि दार उघडलं. सुनीता ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. त्या दिवसाची मजुरी बुडवून ती माझ्यासोबत ऑटोने आली होती. तिला विचारून मी पायलला घेतलं, आत आणलं आणि कुसुमताईंच्या मांडीवर ठेवलं.

ताईंनी सवयीनं पोरीच्या काखेत हात घातले आणि उचललं. अठ्ठावीस वर्षं पोरं उचललेले हात ते. त्यांनी पावणेदोन वर्षांच्या पोरीपुरता जोर लावला, आणि पायल एकदम त्यांच्या डोक्याच्याही वर गेली.

हात तिथेच थांबले.

"लिही ना," मॅडम म्हणाल्या. पण आवाज आधीसारखा नव्हता.

"मी नाही लिहिणार."

मॅडमनी कुसुमताईंकडे पाहिलं. बाकीच्या बायकांनीही पाहिलं. ताईंनी पायलला हळूच खाली घेतलं, छातीशी धरलं, आणि माझ्यापुढचं पेन मॅडमकडे परत सरकवलं.