नक्की?

आमचा घरचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय. तो चालू करून मी चहा टाकतो. चहा उकळून, गाळून झाला की मग कुठे पडद्यावर चित्र उमटतं. "जागा संपलीय त्याच्यातली," दुकानदार म्हणाला आणि पाकिटाएवढी हार्ड डिस्क माझ्या हातात ठेवली. "जुनं सगळं हिच्यात टाका आणि तिथलं पुसून टाका."

आज सकाळी ती जोडली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. मुलाच्या शाळेतल्या निबंधांपासून गॅदरिंगच्या नाचापर्यंत सगळं दुपारपर्यंत डिस्कमध्ये गेलं. मुलगा आता परदेशात असतो. त्याला फोन केला तर हसून म्हणाला, "बाबा, मला नकोय हो ते. उडवा सरळ."

बायको शेजारी खुर्ची ओढून बसली होती. "नव्यात आलंय ना सगळं?" तिने तिसऱ्यांदा विचारलं. आलं होतं, मी उघडून पाहिलं होतं. तरी तिचा हात माझ्या मनगटावर होताच. घरात जागा करणं एवढं अवघड असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मी पुसायला सांगितलं. कॉम्प्युटर क्षणभर थांबला आणि त्याने विचारलं, हे कायमचं जाईल, नक्की? खाली दोन चौकटी होत्या, 'हो' आणि 'नाही'.

विमानतळाच्या काचेपलीकडे मुलगा दिसेनासा झाला, तेव्हा आम्हाला असं कुणी विचारलं नव्हतं.

मी 'नाही' दाबलं. आता डिस्कही भरलीय आणि कॉम्प्युटरही तसाच भरलेला. उद्याही चहा होईपर्यंत थांबावं लागेल. थांबू. आम्हाला तरी कुठे जायचंय?