सात गोण्यांचं अंगण

मी आठवीच्या मुलांना घनफळ शिकवायचे आणि स्वतःच्या अंगणाला सिमेंटच्या गोण्या किती लागतील, ते मला काढता आलं नाही. नुसती चुकले असते तर गप्प बसले असते. पण मी गवंड्याला फळ्यापुढे उभं केल्यासारखं उभं करून, वर त्यालाच शिकवून चुकले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सानपाड्याला आमचं दोन खोल्यांचं बैठं घर, संडास मागच्या अंगणाच्या पार टोकाला. अंगण म्हणजे खाडीवर टाकलेला भराव. सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, साताऱ्याकडून आमच्याकडे आल्या त्या खुब्याचं हाड मोडूनच. त्यांना चार पायांचा वॉकर आणला, तर त्याचे पाय त्या मातीत रुतायचे. मग दिवसातून सहा-सात वेळा त्यांच्या बगलेत खांदा घालून मीच त्यांना नेऊन आणायचे. शाळेत गेले की शेजारीण बघायची. नवऱ्याची तुर्भ्याच्या कारखान्यात रात्रपाळी, त्यामुळे तो घरी असला तरी झोपलेला. तीन महिन्यांत माझ्या कमरेने हात टेकले. वर्गात मी खुर्चीत बसून शिकवायला लागले. अंगणात काँक्रीट पडलं की आत्याबाई एकट्या जातील-येतील, एवढंच मला हवं होतं. लोकांना मात्र सांगत होते, "त्यांना जरा ऊन मिळेल हो."

गवंडी खाडीकाठच्या गावातला, वयस्कर. त्याने अंगणात एक फेरी मारली, विडी विझवली आणि म्हणाला, "बाय, अकरा गोनी लागतील."

मापं न घेता अकरा! मला खात्री होती, हे लोक वाढवून सांगतात आणि उरलेलं दुसऱ्या कामावर नेतात. आणि नाही नेलं, तरी खाडीच्या हवेत उरलेल्या गोणीचा दगड होतो; शेजाऱ्यांकडे तशा दोन होत्या, त्यावर ते बसून पेपर वाचायचे. मी वही घेऊन बसले. लांबी पंधरा फूट, रुंदी बारा, जाडी चार इंच. साठ घनफूट. एक घमेलं सिमेंट, दोन रेती, चार खडी, म्हणजे सात भाग. साठ भागिले सात, त्याला गोणीतल्या सव्वा घनफुटाने भागलं. उत्तर सातच्या आतच. खाली दोन रेघा मारल्या.

"सात," मी म्हटलं. "हे बघा, मांडून दाखवते."

"मांडा तुमी. मी कालवतो," तो म्हणाला.

नवऱ्याला विचारलं, तर कूस वळवत म्हणाला, "तू गणिताची बाई. मला कशाला झोपेतून उठवतेस?"

रविवारी सकाळी काम सुरू झालं. ओल्या काँक्रीटवरून दोन दिवस चालायचं नव्हतं, म्हणून शेजारणीच्या संडासाची सोय मागून ठेवली होती. मागच्या भिंतीपासून सुरुवात करून माणसं दाराकडे सरकत आली. दुपारी सातवी गोणी फोडली, कालवली, पसरली. आणि दारालगतची पाच फूट माती तशीच राहिली. संडासापुढे झकास काँक्रीट, आणि आत्याबाई जिथे पहिलं पाऊल टाकणार तिथे चिखल!

मी वही आणायला आत गेले. खरंच गेले. बाहेर आले तर गवंड्याने एक घमेलं खडीने काठोकाठ भरून ठेवलेलं. त्यात त्याने अर्धं घमेलं रेती ओतली आणि हलवली. घमेलं जेवढं होतं जवळजवळ तेवढंच.

"रेती खडीच्या पोटात जाते, सिमिट रेतीच्या पोटात. तुमच्या कागदाला पोटच नाय, बाय."

दर दिवाळीला रव्यात साखर जिरवणारी बाई मी. डब्यात किती मावतं ते डोळे मिटून सांगेन. पण हातात पेन आलं की माझी अक्कल कुठे जायची कोण जाणे.

तुर्भ्याचं सिमेंटचं दुकान रविवारी दुपारी बंद. गवंडी सोमवारपासून दुसऱ्या कामावर. "आता गुरुवारी," तो म्हणाला, आणि थापी धुऊन गेला. दाराशी रेती-खडीचा ढीग तसाच, म्हणजे शनिवारपर्यंत शेजारणीकडे. पूर्वी पंधरा फूट न्यायचं होतं. आता पुढच्या दाराने बाहेर, दोन पायऱ्या खाली, रस्त्यावरून पुढे, दोन पायऱ्या वर. आणि हे सगळं परत.

सोमवारी संध्याकाळी तशाच एका फेरीवरून परत येताना आमच्या खालच्या पायरीवर माझे पाय थांबले. आत्याबाईंना खाली बसवलं आणि मीही बसले. वर चढवायचं त्राणच उरलं नव्हतं. पण तोंड चालूच होतं: "आत्याबाई, शनिवारनंतर बघा, तुम्हाला मस्त ऊन मिळेल. तुमच्यासाठीच तर केलं सगळं."

त्यांनी वॉकर आडवा ठेवला, माझा खांदा, त्यांच्या बगलेत रोज जाणारा तो, बोटांनी दाबून पाहिला. मी कळवळले. तशा त्या म्हणाल्या,

"दमलीस तर दमले म्हन की गं. तेवढं सांगाया सात गोन्या सिमिट कशाला लागतंय?"