लिंबाजींची मॅट

सामना सुरू होण्याआधी लिंबाजी अनवाणी पायांनी मॅटवरून दोन फेऱ्या मारायचे. काथ्याची ती मॅट सकाळी त्यांनीच खेळपट्टीवर अंथरलेली, ताणलेली, खिळे ठोकून पक्की केलेली असायची. तळपायाला कुठं सळ लागली की थांबून मला म्हणायचे, "मास्तर, हितं पडला तर आत येनार. ध्यान ठिवा." आणि चेंडू तसाच यायचा. मी मुरूम गावच्या संघाचा यष्टिरक्षक. सात वर्षं त्यांच्या गोलंदाजीवर स्टंपांमागे उभा राहिलो.

ते सडकेवर खडी फोडायचे आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहायचे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, पण सगळा संघ त्यांना 'ए लिंब्या' म्हणायचा, मीही. इथं अहो-जाहो लिहितोय ते उशिरा सुचलेलं शहाणपण. डावा हात, पोलादी मनगट, टप्पा पडताच चेंडू गर्रकन वळायचा. म्हणायचे, "बॅटवाल्याच्या तोंडाकडं बघायचंच न्हाय. खडी फोडताना दगडाचं तोंड कोन बघतंय? शीर बघायची, शीर!"

निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, घटना आली होती, आणि मी शाळेत पोरांकडून 'सर्व नागरिक समान आहेत' हे पाटीवर दहादा लिहून घेत होतो. मैदानावर काय? लिंबाजींनी थुंकी लावून घासलेला चेंडू आम्ही दहाही जण खुशाल हातात घ्यायचो. त्यानं कुणाचा धर्म बुडत नव्हता. सामना संपला की तीच मॅट उपटून चिंचेखाली टाकायची आणि तिच्यावर आमची पंगत बसायची. लिंबाजींची पत्रावळ मात्र दहा हात लांब, रोलरजवळ. वा रे न्याय!

उमरग्याच्या संघाशी सामना होता त्या दिवशी त्यांनी कप्तानाला सगळ्यांदेखत विचारलं. कप्तान म्हणजे गावातले बडे अडते, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. "आप्पा, आज जितलो तर म्या मॅटवर बसून जेवनार. व्हय म्हना, न्हायतर आत्ताच न्हाय म्हना."

आप्पा हसले. "अरे, बसशील की! आधी विकेटा तर काढ."

लिंबाजींनी आठ काढल्या. शेवटचा गडी मी यष्टिचीत केला, तेव्हा आप्पांनी धावत येऊन लिंबाजींना मिठी मारली. घामानं चिंब अंगाला मारलेली ती मिठी मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

मग मॅट अंथरली गेली. तीही लिंबाजींनीच अंथरली. जिलेबी आली. हातपाय धुऊन ते मॅटच्या काठाशी येऊन उभे राहिले. आप्पा वर न बघता म्हणाले, "लिंब्या, तुझं वाढलंय तिकडं. उगं तमाशा नको, पाहुणे बसलेत."

पाहुणे! ज्यांचे आठ गडी या माणसानं घरी धाडले, त्या पाहुण्यांसमोर याच माणसाची लाज वाटावी?

मी काठावरच बसलो होतो. लिंबाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी जिलेबी मोडली. ते वळले, खिळ्यांचा हातोडा उचलला आणि चालू लागले. मी मात्र पोटभर जेवलो.

पुढच्या हंगामात मॅट कुणालाच ताणता येईना आणि उमरग्यानं आम्हाला धुऊन काढलं. आप्पांनी समजूत घालायला मलाच पाठवलं. लिंबाजी रस्त्याकडेला खडीच्या ढिगाशी बसले होते. मी म्हणालो, "लिंबाजी, झालं गेलं विसरा. आप्पांचं काय मनावर घेता?" सात वर्षांत पहिल्यांदाच 'अहो' म्हटलं, कारण गरज आमची होती.

हातोडा थांबला. "आप्पाचं न्हाय घेतलं, मास्तर. त्येंचं मला ठावंच हुतं. पर तुमी कीपर. बॉल माज्या हातातनं सुटायच्या आत तुमाला कळायचं, कुठं सरकायचं. लेगला गेला तर दोन दोन हात झेप घ्यायचा. त्या दिशी किती सरकायचं हुतं?"

मी आल्या वाटेनं परतलो. ते पुन्हा कधी मैदानावर आले नाहीत.

परवा ते गेल्याचं कळलं. आता जो तो म्हणतो, असा गोलंदाज पुन्हा झाला नाही. ऐकून अंगाची लाही होते. आप्पांना शिव्या घालायला तोंड उघडतो आणि ती मॅट आठवते, काठावर बसलेला मी आठवतो.

वीतभर. वीतभरच सरकायचं होतं मला.