सहीचा रकाना

आमच्या लाईन सरांना कुठल्याही शब्दाचा अर्थ विचारला की ते हटकून म्हणायचे, "मले काय विचारता? जो बोलला त्याले विचारा." आता बोला! इंग्रजीच्या शिकवणीचा सर, आणि अर्थ सांगणार नाही. राजापेठेतल्या इतर क्लासांत शंभर शब्द, शंभर अर्थ, घोका आणि मोकळे व्हा. आमच्याकडे दोन वर्षं एकच शब्द, लाईन. माझी आई म्हणायची, "हा मानूस शिकवते का डोकं फिरवते?" खरं सांगते, मलाही कळत नव्हतं.

सर बडनेऱ्याचे. रेल्वेत गार्ड होते, रिटायर झाल्यावर राजापेठेत चपलांच्या दुकानावरची एक खोली घेऊन बारावीची इंग्रजी शिकवायला लागले. म्हणायचे, "एका शब्दाशी नीट सोयरीक करा, बाकीचे मांगून वऱ्हाडी बनून येतेत." आम्ही गोंधळून एकमेकांकडे बघितलं की खूष. "गोंधळले ना? मंग बरोबर चाललं."

टेबलावर त्यांची लांबोळकी वही असायची. अर्थ, वाक्य, बोलणाऱ्याचं नाव आणि सही, असे चार रकाने. डिक्शनरीतला अर्थ चालायचा नाही. "जित्या मानसानं बोललेलं आनजो." आम्ही वाक्य आणायचं, वहीत लिहायचं, आणि रविवारी सर स्वतः त्या माणसाकडे जाऊन, चहा पिऊन, सही घेऊन यायचे. 'लाईन गेली' या वाक्यापुढे आमच्या शेजारच्या काकूंची सही होती, वीजवाल्यांना दिलेल्या दोन शिव्यांसकट. 'पोरगा कोन्त्या लाईनीत हाय?' यापुढे कुणा मुलीच्या मामाची. 'लाईन मारून राहिला' याची सही घ्यायला सर एका पोराच्या घरी गेले, तर पोराला बापानं असं धुतलं की विचारू नका. सरांना बिचाऱ्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. "म्या तं फक्त सही मांगितली!"

परीक्षा तोंडावर आली तरी वहीत माझं एकही वाक्य नव्हतं. बाकी सगळ्यांची होती. माझा नुसता जळफळाट. शेवटी मोबाइलवर शोधलं. लाईन म्हणजे वंश. वाक्य मीच रचलं आणि सरांना सांगितलं, "माझे आबा म्हणतात, पोरीच पोरी झाल्या, आपली लाईन संपली."

आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. आबा, म्हणजे माझे आजोबा, चांदूर रेल्वेला राहायचे. ते असं कधीच बोलले नव्हते. पण त्यांच्या मनात हेच असणार, अशी माझी लहानपणापासून खात्री होती. ते कुठेतरी सलत होतं, म्हणून तर तेच वाक्य सुचलं.

सरांनी पेन खाली ठेवलं. "खरंच म्हनले?"

"हो."

"लिही मंग."

लिहिलं. आणि सहीचा रकाना मी चक्क विसरले, हो! सर रविवारी चांदूरला जाऊन आले हे कळलं तेव्हा तो आठवला. सोमवारी त्यांनी वही उघडलीच नाही. जाता जाता एवढंच म्हणाले, "तुह्या आबाचा चहा लय गोड असते बाप्पा."

उन्हाळ्यात मी आबांकडे गेले ती चोरासारखी. त्यांनी वहीचा विषयच काढला नाही. उलट तेव्हापासून दर रविवारी त्यांचा मला फोन. "जेवली का? अभ्यास करून राहिली का?" सरांनी सांगितलं नाही की सांगूनही आबा गप्प राहिले? रागावले असतील तर फोन कशाला करतील? विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढे आबा गेले. मी अकोल्याला नोकरीला लागले आणि ते कोडं तसंच सोबत घेऊन आले.

मागच्या महिन्यात सर गेल्याचं कळलं म्हणून बडनेऱ्याला गेले. घरी त्यांची मुलगी होती. चहा झाला, आठवणी झाल्या, मग मीच म्हटलं, सरांची ती वही बघू का? तिनं कपाटातून काढून दिली. उभ्या उभ्याच माझं पान शोधलं.

माझं वाक्य एका रेघेनं खोडलेलं. त्याखाली आबांचं थरथरतं अक्षर: 'म्या असं कदीच म्हनलो नाही. तीन नाती हायेत. माही लाईन चालू हाय.' सहीच्या रकान्यात त्यांची सही, अगदी पूर्ण नावानिशी.

मी तिथेच खाली बसले आणि ढसाढसा रडले. सरांच्या मुलीला काही समजेना, ती बिचारी पाणी घेऊन उभी.

पानाच्या कडेला सरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पोरीले सांगायचं नाही. तिनं आबाले विचारावं.'

दर रविवारी फोन यायचा. मी एकदाही विचारलं नाही.