मागच्या सीटवरचा दिवा

रविवारी आम्ही तिघं चाकणला बहिणीकडे जेवायला जातो. मी, बायको आणि माझे वडील. दुपार कलली की निघायचं, जेवून अंधार पडल्यावर परत रहाटणीला यायचं. एका रविवारी मी गाडीची चावी घेतली तरी वडील कॉटवरून उठले नाहीत.

"जावा तुमी. म्या येऊन काय करू?"

"का हो अण्णा, बरं नाही का?" मी त्यांच्यासमोर उभा राहून, ओठ नीट दिसतील असं विचारलं.

"बरं हाय. जाताना उजेड असतोय, चालतंय. येताना तुमी दोघं बोलता, हसता, अन् म्या मागं पोत्यावानी बसून ऱ्हातो. लेकीला सांगा, घरीच बरा म्हणावं."

वडिलांचे कान भोसरीतल्या एका प्रेसशॉपमध्ये गेले. पत्रा दाबणाऱ्या मशिनांच्या धडधडीत त्यांनी सगळी नोकरी काढली. तिकडे तालुक्याच्या गावात आम्हा भावंडांची शाळा आणि पुढे माझं कॉलेज त्याच धडधडीवर चाललं. आज मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, ते त्यामुळेच. कानाचं मशीन लावलं की गाडीत नुसती घरघर वाढते, म्हणून ते काढून खिशात ठेवतात आणि समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घेतात. अंधारात ओठ कुठून दिसणार?

बहिणीकडून आल्यावर मी गाडीच्या छतातले दोन दिवे लावून पाहिले. एक पुढे आरशापाशी, एक मागच्या सीटवर. गाडी आम्ही जुनी घेतलेली. मागच्या दिव्याचा उजेड देवघरातल्या समईएवढासुद्धा नव्हता. बँकेचं जुनं कार्ड फटीत सरकवून झाकण काढलं. आत काचेची बोटाच्या पेराएवढी नळी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या. काच आतून काळी पडलेली. हात लावला तर बोट भाजलं. म्हणजे विजेची सगळी मेहनत उजेडाऐवजी उष्णतेत चालली होती!

ती नळी खिशात घालून दुसऱ्या दिवशी पिंपरी कॅम्पात गेलो. दुकानदाराने त्याच मापाचा एलईडी काढला. "पांढरा न्या, भाऊ. गाडीत दिवाळी होईल."

घरी येऊन बसवला, तर लागेचना. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो, मग आठवलं. एलईडी हा डायोड, आणि डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. हे वाक्य मी कॉलेजच्या परीक्षेत लिहिलं होतं, आकृतीसकट. दिवा काढून उलटा बसवला आणि पार्किंग उजळून निघालं. खालच्या मजल्यावरचे काका जाता जाता म्हणाले, "काय राव, गाडीत ऑपरेशन आहे का?"

पण रात्री काळेवाडीपर्यंत चक्कर मारली आणि दिवाळी संपली. पुढच्या काचेत रस्त्याऐवजी आमचीच गाडी दिसत होती. मागच्या सीटची कव्हरं, छत, माझा घाबरलेला चेहरा. समोरची मोटारसायकल जवळ आल्यावरच कळली. परत फिरलो आणि दुसऱ्या दिवशी बदलून सौम्य, पिवळसर दिवा आणला. झाकण साबणाने धुतलं. आता मागे पुरेसा उजेड होता आणि पुढची काच स्वच्छ राहत होती.

वडिलांना खाली बोलावलं. मागच्या सीटवर ते आणि शेजारी माझी बायको. तिने काहीतरी बोलून दाखवलं. वडिलांनी डोळे बारीक केले, मान हलवली.

"व्हट दिसंनात, सूनबाई. नाकाची सावली पडतीय."

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. उजेड डोक्यावरून येत होता. कपाळ लख्ख, नाकाचा शेंडा लख्ख आणि नेमके ओठ सावलीत. दिवा कितीही वाढवला तरी सावलीच गडद होणार. खाली बसवावा तर तो माझ्या आरशात चमकणार. दार धरून मी विचार करत राहिलो, आणि वडील उतरायला लागले.

उतरता उतरता त्यांनी सुनेकडे बघून अंगठा आणि एक बोट जुळवलं, आणि तोंडाशी नेऊन हात तिरका केला.

"चहा?" ती म्हणाली.

वडील पुन्हा बसले. "प्रेसशॉपात कोण बोलतंय? वरडून घसा जायचा. समदं हातानंच." त्यांनी मुठीवर मूठ आपटली. "मशीन बंद पडलं." मनगटावर दोनदा बोट मारलं. "ओव्हरटाइम."

"मामा, अजून दाखवा ना!" बायको सासऱ्यांना मामा म्हणते.

आणि माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. छतातल्या दिव्याचा उजेड सरळ मांडीवर पडत होता. ओठ सावलीत होते, पण दोघांचे हात तळहाताच्या रेषांसकट दिसत होते.

पुढच्या रविवारी वडील आमच्याआधी चप्पल घालून दारात उभे. परत येताना बायको मागे त्यांच्याजवळ बसली. बहिणीच्या आमटीत मीठ जास्त झालं होतं, त्यावर दोघांचं काहीतरी चाललं असावं, कारण एकाएकी दोघंही हसायला लागले. मोशीच्या सिग्नलला गाडी थांबली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

दोघं आणखीच हसले.

"अगं, मला पण सांगा की."

"तुम्ही पुढे बघा," बायको म्हणाली. "तुम्हाला नाही कळायचं."

मी मान वर करून आरशात पाहिलं. वडिलांनी तिला कोपराने खुणावलं आणि तळहाताने स्वतःच्या डोक्यावर दोनदा थोपटलं. लगेच तिनेही थोपटलं आणि दोघं गंभीर चेहरा करून हात मांडीवर ठेवून बसले. ही खूण मी पार्किंगमध्येच शिकलो होतो. डोक्यावर हेल्मेट, म्हणजे साहेब येतोय, गप्प बसा.

सिग्नल हिरवा झाला. मी पुढे बघत गाडी सोडली आणि मागे पुन्हा हसू फुटलं.