इंटरनेटवर घातलेलं गाऱ्हाणं

देशाच्या नौदलाला माझ्यापासून धोका आहे, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी समजलं.

तोवर माझ्यापासून धोका होता तो फक्त साखरेच्या डब्यातल्या मुंग्यांना आणि ‘ही गो टू स्कूल’ लिहिणाऱ्या मुलांना. रत्नागिरीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले, डाळींच्या डब्यांवर नावं चिकटवली आणि आता आपल्या हातून जगात काही बिघडण्यासारखं उरलं नाही, अशा समाधानात होते.

अनया आणि ईशान, तुम्ही तेव्हा इतके लहान होतात की बाबा पांढरे कपडे घालून कामाला जातात म्हणजे ते डॉक्टर आहेत, असं तुम्ही शेजारीपाजारी सांगत होतात. (गुप्तता पाळण्यात तुम्ही माझ्यापेक्षा केव्हाही हुशार!) तुमचे बाबा, म्हणजे माझा शिरीष, नौदलात लेफ्टनंट कमांडर होता. मुंबईत एका जहाजावर. जहाजाचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेलच.

त्या वर्षी ते जहाज लांबच्या सफरीला निघणार होतं आणि माझी नेहमीची काळजी सुरू झाली होती. शिरीष समुद्रावर गेला की मी टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघते. अशा वेळचा आमच्या घरचा उपाय ठरलेला: पालीजवळच्या आमच्या गावी जायचं आणि ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं. तुम्ही पुढे मेलबर्नला वाढलात म्हणून सांगते. देवळात गुरव आपल्या वतीने देवापुढे मागणं मांडतो, आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला मोठ्याने ‘होय महाराजा!’ म्हणतात. जितके जास्त आवाज, तितका देवावर दाब जास्त.

आमचे गुरव या बाबतीत फार काटेकोर. “वैनी, ‘पोराला सुखी ठेव’ एवढाच सांगून देवाला काय कळनार? गावात पोरं काय थोडी हायत? कोण, कुठं चाललाय, कधी, कशातून, भीती कसली, सगळा सांगायला हवा. मोघम गाऱ्हाणा दुसऱ्याच कुणाला लागू पडता!”

मला हे पटायचं. इंग्रजीच्या पेपरातसुद्धा मी मोघम उत्तराला गुण देत नसे.

पण त्या वर्षी माझ्या गुडघ्याने संप केला होता. गावी जाणं अशक्य. आणि नेमकं त्याच सुमारास आमच्या कुळातल्या मंडळींनी इंटरनेटवर एक पान सुरू केलं होतं. न्यू जर्सीला असलेल्या मोरूने, म्हणजे माझ्या पुतण्याने, ते बांधलं होतं. कुणीही काही लिहावं, बाकीच्यांनी खाली उत्तर द्यावं. ज्या मजकुराला नवीन उत्तर येईल तो आपोआप सगळ्यांत वर जाऊन बसे. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.)

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. देवळात फार तर पंधरा माणसं ‘होय महाराजा’ म्हणतील. इथे अख्खं कूळ म्हणेल, तेही चार खंडांतून!

मी लगोलग नझीरच्या सायबर कॅफेत गेले. नझीर माझा जुना विद्यार्थी. मस्कतला दहा-बारा वर्षं काढून परत आला आणि बापाच्या जाळी-दोऱ्यांच्या दुकानात त्याने सहा कॉम्प्युटर मांडले. मी मराठी टाइप करायला तिथेच शिकले. मन लावून गाऱ्हाणं लिहिलं. गुरवांच्या शिस्तीत, एकही मुद्दा न गाळता: शिरीषचं पूर्ण नाव, हुद्दा, जहाजाचं नाव, निघायचा वार, जायचं ठिकाण, परत यायचा महिना. आणि शेवटी, ‘या जहाजाचं उजवीकडचं इंजिन सध्या कुरकुरतंय, त्याला भर समुद्रात बंद पडू देऊ नकोस रे महाराजा!’

संध्याकाळपर्यंत उत्तरांची रांग लागली. टोरांटोहून ‘होय महाराजा’. दुबईहून ‘होय महाराजा’. नागपूरहून मोठ्या वहिनींचं ‘होय महाराजा, आणि आमच्या स्कूटरचंही बघ.’ माझे डोळे भरून आले. आपलं कूळ किती मायाळू!

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरीषचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तो म्हणाला, “आई, एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे नवीन नियम आलेत. नोकरीतलं काहीही इंटरनेटवर बोलायचं नाही. जहाज, माणसं, ये-जा, काहीच नाही. घरच्यांनीसुद्धा नाही.”

“घरच्यांनी म्हणजे... बायकोने?”

“घरच्या सगळ्यांनी. आमच्यातल्या एकाच्या मेहुणीने जहाजाचा फोटो लावला होता कुठेतरी, जेट्टीवरचा. त्याची चौकशी चालू आहे. बिचाऱ्याचं प्रमोशन अडकलंय. आणि माझंही प्रमोशनचं बोर्ड पुढच्या महिन्यात आहे ना. तू उगाच कुणाला काही सांगत बसू नकोस, कळलं?”

“कळलं,” मी म्हणाले.

एका फोटोला चौकशी. मग मी तर इंजिनासकट सगळं जहाज टांगून ठेवलं होतं!

तुमचे आजोबा जिल्हा कोर्टात आयुष्यभर शिरस्तेदार होते. त्यांना कुठल्याही प्रसंगात आधी कलम आठवतं, मग बायको. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“लेखी दिलंस?”

“हो.”

“स्वतःच्या नावाने?”

“गाऱ्हाणं निनावी कसं घालणार, अहो?”

“म्हणजे कबुलीजबाब तयारच आहे,” ते म्हणाले आणि उठून त्यांनी खिडकीचे पडदे ओढले. भर सकाळी! तेवढ्यात फाटकाबाहेर एक पांढरी जीप थांबली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात फ्रीजमागे उभे राहिलो. (आमचा फ्रीज लहान आहे. आजोबा नाहीत.) जीप पाणीपुरवठ्याची निघाली. पण ती जाईपर्यंत मी मनातल्या मनात शिरीषच्या खांद्यावरच्या पट्ट्या उतरवलेल्या पाहिल्या होत्या, आणि तो भरल्या घरात माझ्याकडे न बघता बसलेलाही पाहिला होता.

रिक्षा करून आम्ही नझीरकडे गेलो.

“नझीर, मी लिहिलेलं पुसायचंय. आत्ताच्या आत्ता.”

त्याने खुर्ची पुढे ओढून बघितलं. “बाई, ह्या तुम्हाला पुसता येनार नाय. ज्यानं पान बनवला तोच पुसेल.”

तो म्हणजे मोरू. न्यू जर्सीला तेव्हा रात्र. फोन लावला तर मोरूच्या आवाजातलं यंत्र म्हणालं, निरोप ठेवा. इंजिनाचा निरोप यंत्रावर ठेवायचा? मी झटकन फोन बंद केला.

“पन झाला काय एवढा?” नझीरने विचारलं. मी कुजबुजत सांगितलं. त्याचा चेहरा बघता बघता उतरला.

“बाई, ह्या माझ्या दुकानातून गेला?”

“हो रे.”

“म्हंजे पोलीस पयले हितं येनार. तुम्हाला म्हनतील, आजी, पुन्हा असा करू नका. माझा नाव नझीर हाय, बाई. मला काय म्हनतील?”

मी दुकानाचं दार लोटून घेतलं. आता एका माणसाच्या नव्हे, दोन माणसांच्या पोटावर मी पाय दिला होता.

घाबरलेलं माणूस गप्प बसलं तर निम्मी संकटं टळतील. पण मी शिक्षिका! चूक दिसली की खाली लाल शाईने शेरा मारल्याशिवाय मला राहवत नाही. मी टाइप केलं, ‘वरील गाऱ्हाणे गोपनीय आहे. कृपया कोणीही वाचू नये.’

आणि गाऱ्हाणं, नव्या उत्तरामुळे, टुणकन पानाच्या माथ्यावर जाऊन बसलं.

कालपर्यंत ज्यांनी ते पाहिलंसुद्धा नव्हतं, ते सगळे धावले. ‘काकू, कुठलं गाऱ्हाणं? अच्छा, हे होय! होय महाराजा!’ ‘गोपनीय का? युद्ध आहे काय?’ ‘युद्ध असेल तर सोनं घेऊन ठेवावं का?’ आणि पालीच्या बंडूभावजींचा शांत प्रश्न: ‘उजवं इंजिन नक्की ना? मागच्या गणपतीत शिरीष डावं म्हणाला होता.’

“थांबा रे सगळे!” आजोबा ओरडले. ते आयुष्यात प्रथमच कॉम्प्युटरशी बोलत होते.

मग त्यांनाच युक्ती सुचली. “साक्षीदाराची साक्ष मागे घेता येत नाही, पण साक्षीदार अविश्वसनीय ठरवता येतो. लिही, शिरीष नौदलात नाहीच. शत्रू गोंधळेल.”

मी लिहिलं, ‘खुलासा: चि. शिरीष आता नौदलात नाही. जहाजाशी त्याचा काही संबंध नाही.’

शत्रूचं माहीत नाही, पण कूळ गोंधळलं. पाच मिनिटं पान सुन्न. मग सांत्वनांचा पूर! ‘फार वाईट झालं.’ ‘धीर धरा.’ ‘आमच्या कंपनीत गोदामावर माणूस हवा आहे.’ प्रत्येक सांत्वनाबरोबर ते जहाज, तो वार आणि ते इंजिन पुन्हा पुन्हा वर! नझीर दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. “बाई, आता काय लिवू नका. तुमच्या पाया पडतो, हात खिशात घाला.” साडीला खिसा नसतो. मी हात पदरात गुंडाळून घेतले.

घरी पोहोचलो तर फोन वाजतच होता. तुमची आई.

“आई, पालीच्या अक्कांचा फोन होता. रडत होत्या. शिरीषला नौदलातून काढलं म्हणे? शिरीष तर माझ्यासमोर बसून पोहे खातोय!”

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. पलीकडे फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला.

“आई,” शिरीष म्हणाला, “इंजिनाचंसुद्धा लिहिलंस?”

“देवाला कसं फसवू रे?”

तो हळूच म्हणाला, “तुला कुणी सांगितलं, असं ते विचारणार. आणि ते मीच सांगितलं होतं. मी आत्ताच कॅप्टनकडे जाऊन सांगतो. त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको.”

मी त्याला ‘होय’ म्हणाले. महाराजा म्हणायचं त्राण नव्हतं.

मोरू उठला, आम्ही फोनवर सांगितल्यावर त्याने ते गाऱ्हाणं पुसलं, आणि आपल्या झोपेत एवढा इतिहास घडला याचं त्याला भारी वाईट वाटलं. पण मुंबईचा फोन काही येईना. आम्ही दोघं टेलिफोनशेजारी जेवलो, म्हणजे ताटं घेऊन बसलो. आजोबांनी एकदा ‘कोर्ट मार्शलमध्ये वकील देता येतो’ असं म्हणून बघितलं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते वाक्य आमटीबरोबर गिळलं. नझीरने दोनदा माणूस पाठवून विचारलं, “कोन आला काय?”

तिसऱ्या दिवशी शिरीषचा फोन आला. सफरीचा वार बदलला होता. (कोणता झाला, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.) कॅप्टनसाहेबांनी त्याला उभं करून जे काही सुनावलं ते तो मला सांगणार नव्हता, पण लेखी काही केलं नाही. बोर्डापुढे त्याचं नाव जाणार होतं. आणि कॅफेच्या मालकाकडे कुणी जाणार नव्हतं, तेही त्याने स्वतः विचारून घेतलं होतं. मी पहिला फोन नझीरला केला. पलीकडे त्याने नाक ओढल्याचा आवाज आला. शिक्षा एकच झाली: या नियमांवर जहाजावरच्या सगळ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना शिरीषनेच व्याख्यान द्यायचं. उदाहरणासकट.

सफरीवरून जहाज सुखरूप परत आल्यावर ते व्याख्यान झालं आणि तुमच्या आईने आग्रहाने मला नेलं. सभागृह गच्च भरलेलं. शिरीष पांढऱ्या कडक गणवेशात उभा. त्याने पडद्यावर पहिलंच उदाहरण दाखवलं: ‘एका अधिकाऱ्याची आई, रत्नागिरी.’ मग ते गाऱ्हाणं, नावं गाळून, इंग्रजीत. (भाषांतर चांगलं होतं. मीच शिकवलंय त्याला.) उजव्या इंजिनापाशी सगळं सभागृह खो-खो हसायला लागलं. मीही हसले. भीतीने, सगळ्यांत मोठ्याने.

शेजारच्या खुर्चीतल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, “काय बाई आहे! अशा माणसांपासून देशाला खरा धोका. तुम्ही कुठल्या?”

एवढं सगळं अंगावर शेकल्यानंतर मी काहीतरी शिकले होते. मी चेहरा निर्विकार ठेवला, तुमच्या बाबांच्या नोकरीचं स्मरण केलं आणि जन्मात पहिल्यांदा माहिती दडवली.

“मी ना? मी पुण्याची.”

बाईंनी माझ्याकडे वळून नीट पाहिलं. “काहीतरीच काय! बोलण्याचा हेल तर अस्सल रत्नागिरीचा आहे. मी चिपळूणची, मला कळत नाही होय?” मग त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा स्टेजवरच्या शिरीषच्या नाकाकडे, एकदा माझ्या नाकाकडे, आणि हळूच म्हणाल्या, “अगो बाई! तुम्हीच का त्या?”